कधी येते गाडी? – प्रश्न विचारत स्पेनमधले सहा दिवस

माद्रिद, तोलेदो, कोर्दोबा, सेव्हिल, ग्रानादा. स्पेनच्या पहिल्या फेरीसाठी ही वाट सोयीची आहे. रेल्वे चांगली, अंतरं बेताची, आणि दिवसातून दहा-वीस वेळा कुणाला ना कुणाला काहीतरी विचारावंच लागतं. दोन-तीन महिने स्पॅनिश शिकलेल्या माणसाचे प्रश्नार्थक शब्द पक्के व्हायला याहून चांगली जागा नाही. शब्द तसे मोजकेच: के म्हणजे काय, क्येन म्हणजे कोण, क्वांदो म्हणजे कधी, क्वांतो म्हणजे किती, कोमो म्हणजे कसा, क्वाल म्हणजे कोणता, दोंदे म्हणजे कुठे, पोर के म्हणजे का आणि पारा के म्हणजे कशासाठी.

काय, कोण, कधी, किती, कसा. के, क्येन, क्वांदो, क्वांतो, कोमो. हा ‘क’ योगायोगाने जुळलेला नाही. संस्कृत आणि लॅटिन एकाच जुन्या भाषाकुळातल्या, आणि प्रश्नाचा ‘क’ दोघींनी तिथूनच आणला. ‘दोंदे’ तेवढा वेगळा दिसतो. लॅटिनमध्ये ‘उंदे’ म्हणजे कुठून. त्याच्या आधी आणखी एक ‘दे’ चिकटला आणि ‘दोंदे’ झाला. गोव्यात ज्यांच्या घरी पोर्तुगीज बोलली जायची त्यांना त्याचं ‘द’ नसलेलं भावंड, ‘ओंद’, ठाऊक असेल.

पुण्या-मुंबईच्या वर्गांत स्पॅनिश बहुतेक इंग्रजीतून शिकवलं जातं. त्यामुळे प्रश्न आधी मराठीत सुचतो, मग मनातल्या मनात इंग्रजी होतो आणि मग स्पॅनिश. हा वळसा नडतो. प्रश्नाच्या बाबतीत मराठी आणि स्पॅनिश बऱ्याच ठिकाणी एकमेकींच्या जास्त जवळ आहेत. थेट जावं. जिथे मराठी चकवा देते अशा जागा थोड्याच आहेत, त्या वाटेत येतीलच.

एक लिपीबद्दल. इथे स्पॅनिश शब्द कानाला ऐकू येतात तसे लिहिले आहेत. त, द हे मराठीसारखेच दातांवरचे. स्पॅनिश लोक व्ही लिहितात पण उच्चार ‘ब’ करतात. ‘थ’ जिथे आहे तिथे जिभेचं टोक दातांत हलकं धरून हवा सोडायची. आपला ‘थाळी’तला थ नव्हे.

पहिला दिवस : माद्रिद, विमानतळ ते मुक्काम

बाराहास विमानतळावर पहिला प्रश्न आपण विचारत नाही, आपल्याला विचारला जातो. पासपोर्ट बघणारा अधिकारी इंग्रजीत बोलेलही, पण स्पॅनिशमध्ये बोलला तर साधारण हेच: ‘क्वांतोस दीयास से केदा?’ म्हणजे किती दिवस राहणार, आणि ‘क्वाल एस एल मोतीबो दे सु ब्याखे?’ म्हणजे प्रवासाचं कारण काय. दोन्ही प्रश्न नीट ऐका, कारण त्यांत पुढच्या सहा दिवसांचा बराच अभ्यास आहे. पहिल्यात ‘क्वांतो’ नाही, ‘क्वांतोस’ आहे. दुसऱ्यात आपण मराठीत ‘काय’ म्हटलं असतं, तिथे ‘के’ नाही, ‘क्वाल’ आहे.

बाहेर आल्यावर लागतात एटीएम, स्वच्छतागृह आणि मेट्रो. इथेच पहिली ठेच लागते. मराठीत ‘मेट्रो कुठे आहे?’ आणि ‘एटीएम कुठे आहे?’ ही एकाच साच्यातली वाक्यं. स्पॅनिशमध्ये ठरलेली, माहीत असलेली वस्तू शोधत असाल तर ‘एस्ता’: दोंदे एस्ता एल मेत्रो? कुठलंही एखादं चालणार असेल तर ‘आय’: दोंदे आय उन काखेरो? ‘दोंदे एस्ता उन काखेरो’ म्हटलं तरी समोरचा समजून घेतो, पण ते वाक्य चुकलेलं आहे. ओळखायची युक्ती मराठीतच आहे. वाक्यात ‘एखादं’ घालून बघावं. ‘इथे एखादं एटीएम कुठे आहे?’ जमतं, म्हणून ‘आय’. ‘एखादा प्रादो म्युझियम कुठे आहे?’ जमत नाही, म्हणून ‘एस्ता’.

मेट्रोची गुलाबी 8 नंबरची लाइन विमानतळावरून नुएबोस मिनिस्तेरिओसला जाते. शहराच्या मध्यावर, सोलला जायचं तर तिथे 10 नंबर पकडून त्रिबुनाल, आणि त्रिबुनालला 1 नंबर. तिकिटासाठी आधी मुल्ती नावाचं लाल कार्ड घ्यावं लागतं, त्याचे अडीच युरो. विमानतळाचे म्हणून आणखी 3 युरो लागतात. यंत्रापाशी अडलात तर शेजारच्या कर्मचाऱ्याला विचारायचं: के लीनेआ बा आ सोल? कोणती लाइन सोलला जाते? नामाच्या आधी ‘कोणता’ म्हणायचं असेल तर स्पेनमध्ये ‘के’ वापरतात: के लीनेआ, के काये (कोणता रस्ता), के तेर्मिनाल. लॅटिन अमेरिकेत नामाआधी ‘क्वाल’ सर्रास ऐकू येतं. ते तिथे बरोबर, इथे कानाला परकं.

आणि काहीही विचारण्याआधी ‘पेर्दोने’. नुसतं ‘दोंदे एस्ता’ने सुरुवात केली तर ते अंगावर गेल्यासारखं वाटतं. ‘पेर्दोने’ हे ‘उस्तेद’चं रूप, म्हणजे अहो-जाहोचं. स्पेनमध्ये अरे-तुरे आपल्यापेक्षा पुष्कळ सैल आहे, दुकानदारसुद्धा पहिल्या वाक्यापासून ‘तू’वर येतो. तरी अनोळखी आणि वयस्क माणसाशी ‘उस्तेद’नेच सुरुवात करावी.

हॉटेलात रात्री हमखास लागणारा प्रश्न: वायफायचा पासवर्ड काय आहे? मराठी जीभ इथे ‘के एस ला कोंत्रासेन्या?’ म्हणते. त्याचा अर्थ होतो, ‘पासवर्ड म्हणजे काय असतं?’ समोरचा पासवर्ड देईल, कारण प्रवासी काय मागतो ते त्याला कळतं. पण बरोबर वाक्य आहे: क्वाल एस ला कोंत्रासेन्या? ‘के एस’ व्याख्या मागतं. ‘क्वाल एस’ अनेक शक्यतांतली नेमकी एक मागतं. नाव, पत्ता, फोन नंबर, खोलीचा क्रमांक, देशाची राजधानी या सगळ्यांना ‘क्वाल’. मराठीचा ‘काय’ या दोघांचं काम एकटाच करतो, म्हणून आपली सर्वांत जास्त चूक इथे होते.

दुसरा दिवस : माद्रिद, बाजार आणि दोन संग्रहालयं

सकाळी मंडई. ला लातिना भागातला मेर्कादो दे ला थेबादा हा अजून वस्तीतल्या लोकांचा बाजार आहे. फळांच्या गाळ्यापुढे चार-पाच माणसं इतस्ततः उभी दिसतील, रांग म्हणावी अशी नाही. पण रांग आहे, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही. नवा आलेला माणूस विचारतो: क्येन एस एल उल्तिमो? शेवटचं कोण? एखादी आजी म्हणते, ‘यो’. मी. झालं, आता तिच्यानंतर तुमचा नंबर. ती कुठेही जाऊन उभी राहिली तरी तुम्ही तिच्यावर नजर ठेवायची. आणि नंतर आलेल्या माणसाने विचारलं की ‘यो’ म्हणायची जबाबदारी तुमची. याचंच दुसरं रूप ‘क्येन दा ला बेथ?’ म्हणजे पाळी कोण देतं? हा प्रश्न न विचारता पुढे सरकलं तर लोक लगेच टोकतात, आणि आपल्याला वाटतं उगीच ओरडले. ‘क्येन’ शिकवायला पुस्तकात ‘हा कोण आहे, तो कोण आहे’ असली वाक्यं असतात. आमच्या मते पहिलं वाक्य ‘क्येन एस एल उल्तिमो’ हेच असायला हवं. बँकेत, सरकारी दवाखान्यात, बसथांब्यावर, सगळीकडे तेच चालतं.

नंबर आला की गाळेवाला विचारतो: के ले पोंगो? काय देऊ? आता भाव विचारायचा. ‘क्वांतो क्वेस्ता?’ हे सगळ्यांना पाठ असतं आणि ते चालतंच. पण ज्या मालाचा भाव रोज बदलतो त्याला लोक विचारतात: आ क्वांतो एस्तान लोस तोमातेस? आपण म्हणतो ना, ‘टोमॅटो कसे दिले?’ तोच भाव, तीच धाटणी. उत्तरात ‘आ दोस थिंक्वेंता’ आलं तर किलोला 2 युरो 50 सेंट. ‘युरो’ हा शब्द बहुतेक वेळा गाळलेलाच असतो. सेसेंता (60) आणि सेतेंता (70) या दोघांत कान हमखास फसतो. शंका आली तर बोटं दाखवून खात्री करावी, त्यात कमीपणा नाही.

मापाच्या बाबतीत मराठी माणसाचं नशीब चांगलं. उन क्वार्तो म्हणजे पाव किलो, मेद्यो किलो म्हणजे अर्धा, त्रेस क्वार्तोस म्हणजे पाऊण. आणि ‘क्वार्तो इ मिताद’ हे ऐकून इंग्रजीतून शिकलेला माणूस गडबडतो: पाव आणि अर्धा मिळून पाऊण किलो का? नाही. पाव आणि त्या पावाचा अर्धा, म्हणजे 375 ग्रॅम. आपलं दीडपाव.

संत्री घेताना गाळेवाला विचारेल: क्वांतास क्येरे? किती हवीत? सफरचंदाला ‘क्वांतास’, लिंबाला ‘क्वांतोस’, दुधाला ‘क्वांता’, तांदळाला ‘क्वांतो’. स्पॅनिशमध्ये सफरचंद आणि दूध स्त्रीलिंगी, लिंबू आणि तांदूळ पुल्लिंगी, म्हणून. मराठीचा ‘किती’ कशालाही हलत नाही, त्यामुळे ही रूपं जिभेवर चढत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे ‘क्वांतो’ शिकताना ‘किती’ विसरून ‘केवढा’ आठवावा: केवढा, केवढी, केवढे, केवढ्या. त्याच्या शेजारी ‘कोमो’ ठेवून बघा. आपला ‘कसा’ फिरतो, कशी, कसं, कसे होतो. ‘कोमो’ मात्र अढळ. एकीकडे ‘किती’ स्थिर आणि ‘कसा’ फिरता, दुसरीकडे बरोबर उलटं. ‘क्येन’चं अनेकवचन ‘क्येनेस’, ‘क्वाल’चं ‘क्वालेस’, पण या दोघांना लिंग नाही. ‘के’ कशालाच बधत नाही.

दुपारी रेइना सोफिया. पिकासोचं ‘गेर्निका’ 1992 पासून इथे आहे. मंगळवारी हे संग्रहालय बंद, तेव्हा आदल्या दिवशी विचारून ठेवावं: के दीया थिएर्रान? कोणत्या दिवशी बंद असतं? ‘सिएर्रान’ असं कुणी म्हणताना ऐकलंत तर ते अंदालुसिया किंवा लॅटिन अमेरिकेकडचं. माद्रिदचा माणूस ‘थिएर्रान’ म्हणतो. प्रादो संध्याकाळी शेवटचे दोन तास फुकट असतं, सोमवार ते शनिवार 6 ते 8, रविवारी 5 ते 7. साडेपाचपासून बाहेर रांग लागते, आणि तिथे रांगा एकाहून अधिक असू शकतात. पेर्दोने, पारा के एस एस्ता कोला? ही रांग कशासाठी आहे? ‘पोर के’ आणि ‘पारा के’ यांतला फरक मराठी माणसाला समजावायला लागत नाही. ‘का’ मागे बघतं, कारण विचारतं. ‘कशासाठी’ पुढे बघतं, हेतू विचारतं. इतकंच.

तिसरा दिवस : तोलेदो

आतोचा स्टेशनवरून तोलेदोची गाडी अर्ध्या-पाऊण तासात पोचवते. स्टेशनवर सामान यंत्रातून जातं, त्यामुळे थोडं आधी जावं. फलाट शेवटच्या काही मिनिटांत फळ्यावर येतो. तोवर हा प्रश्न: दे के बिया साले एल त्रेन? कोणत्या फलाटावरून सुटते गाडी?

या वाक्यावर थांबू या, कारण सगळ्या प्रवासातली गुरुकिल्ली इथे आहे. ‘गाडी कधी येते?’ हे साधं मराठी वाक्य घ्या. ‘कधी’ आणि ‘येते’ चिकटलेले आहेत. आता घाईत फलाटावर आपण कसं म्हणतो? ‘कधी येते गाडी?’ हीच स्पॅनिशची रचना आहे, शब्दाला शब्द: क्वांदो येगा एल त्रेन? प्रश्नशब्द आणि क्रियापद ही जोडी उचलून पुढे आणायची, कर्ता मागे टाकायचा. कुठे आहे कॅथेड्रल? दोंदे एस्ता ला कातेद्राल? काय म्हणतो हा माणूस? के दीथे एस्ते ओम्ब्रे? इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे एखादं साहाय्यक क्रियापद शोधत बसतो, जे स्पॅनिशमध्ये नाहीच. आणि ‘क्वांदो एल त्रेन येगा’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला ‘गाडी येते तेव्हा...’ असं अर्धवट वाक्य वाटतं, तो पुढची वाट बघतो.

दुसरी गोष्ट ‘दे के बिया’मधल्या ‘दे’ची. मराठीत कुठून, कोणाला, कोणाबरोबर, कशाने, कधीपासून, कधीपर्यंत असं सगळं प्रश्नशब्दाच्या शेपटीला लागतं. स्पॅनिशमध्ये तेच तुकडे डोक्यावर बसतात: दे दोंदे, आ क्येन, कोन क्येन, कोन के, देस्दे क्वांदो, आस्ता क्वांदो. बाजू बदलली, पण दोन्हीकडे ते प्रश्नशब्दाला सोडून जात नाहीत. इंग्रजीत मात्र हा तुकडा सुटून वाक्याच्या टोकाला लटकतो, आणि तीच सवय घेऊन लोक ‘क्येन बास कोन?’ म्हणतात. स्पॅनिश कानाला ते पूर्ण मोडकं वाटतं. ‘कोणाबरोबर जातोस?’ मनात धरा, ‘कोन क्येन बास?’ आपोआप येतं.

तोलेदो तीन बाजूंनी ताखो नदीने वेढलेलं, टेकडीवर चढलेलं गाव. गल्ल्या अशा की फोनवरचा नकाशासुद्धा चुकतो. इथे ‘दोंदे एस्ता’पेक्षा ‘पोर दोंदे’ कामाचं. पोर दोंदे से बा आ सांतो तोमे? सांतो तोमेला कुठून, कोणत्या वाटेने जायचं? (एल ग्रेकोचं ओर्गाथच्या सरदाराच्या दफनाचं प्रसिद्ध चित्र त्या चर्चमध्ये आहे.) उत्तर साधारण असं येतं: ‘तोदो रेक्तो, ला सेगुंदा आ ला देरेचा, इ लुएगो क्वेस्ता आरिबा.’ सरळ, दुसऱ्या वळणाला उजवीकडे, मग चढ. हा ‘क्वेस्ता’ कालच्या बाजारातला नव्हे. तिथे त्याचा अर्थ ‘किंमत पडते’, इथे ‘चढ’. ‘देरेचा’ म्हणजे उजवीकडे. पण लॅटिन अमेरिकेत ‘देरेचो’ म्हणजे सरळ. एका स्वराने माणूस भलत्या गल्लीत जातो.

उत्तर लांबलचक आलं तर सगळं समजण्याचा अट्टहास नको. पहिलं वळण तेवढं पकडावं, तिथवर जावं, दुसऱ्याला विचारावं.

चौथा दिवस : कोर्दोबा

माद्रिद ते कोर्दोबा पावणेदोन तासांच्या आसपास. 1992 साली स्पेनची पहिली वेगवान रेल्वे माद्रिद ते सेव्हिल सुरू झाली, कोर्दोबा त्याच मार्गावर.

वेळेच्या प्रश्नात दोन वेगळी वाक्यं आहेत. किती वाजले? के ओरा एस? किती वाजता? आ के ओरा? मराठीत दोन्हीकडे ‘किती’ असल्यामुळे तोंडातून ‘क्वांतो’ निसटतं. निसटू देऊ नका, वेळेला ‘के’. एवढं सांभाळलं की उत्तरं आपल्या घरचीच आहेत. एक वाजला, दोन वाजले. एस ला उना, सोन लास दोस. एकाला एकवचन, पुढे अनेकवचन, हुबेहूब. सेइस इ क्वार्तो म्हणजे सव्वासहा, सेइस इ मेद्या म्हणजे साडेसहा, आणि सेइस मेनोस क्वार्तो, सहा उणे पाव, म्हणजे पावणेसहा. आपल्या ‘पावणे’तही तो ‘उणे’ दडलेला आहे. इंग्रजीच्या वाटेने गेलं तर हे हिशोबाचं काम, मराठीतून गेलं तर नुसती ओळख पटवणं. रेल्वेच्या घोषणेत मात्र चोवीस ताशी घड्याळ: 17:40 म्हणजे ‘द्येथिस्येते क्वारेंता’.

मेथकीता, म्हणजे इथली मशीद-कॅथेड्रल, सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट असते, प्रार्थना नसेल तेव्हा. आतले 850 हून अधिक खांब एकामागे एक लाल-पांढऱ्या कमानी धरून उभे असतात. जुन्या वास्तूंसाठी तीन प्रश्न पुरतात. दे क्वांदो एस? कधीची आहे? (बांधकामाची सुरुवात आठव्या शतकाच्या शेवटी.) क्येन ला कोन्स्त्रुयो? कुणी बांधली? (पहिला अब्द अल-रहमान.) पोर के आय उना कातेद्राल देंत्रो? आत कॅथेड्रल का आहे? मराठीतलं ‘कुणी’ लक्षात घ्या. भूतकाळात आपण कर्त्याला प्रत्यय लावतो, कोण बांधली म्हणत नाही. स्पॅनिशमध्ये ‘क्येन’ तसाच राहतो. म्हणून तिथे काही जोडायला जाऊ नका.

आता जेवण. शाकाहारी माणसाने हा भाग दोनदा वाचावा.

कोर्दोबाच्या मेनूवर साल्मोरेखो दिसेल. के एस एल साल्मोरेखो? इथे ‘के एस’ शंभर टक्के बरोबर, कारण आपल्याला व्याख्याच हवी आहे: टोमॅटो, पाव, लसूण, ऑलिव्ह तेल वाटून केलेलं दाट गार सार. ऐकून वाटतं, झालं काम. पण वाटी येते तेव्हा वर उकडलेल्या अंड्याचे आणि खामोनचे, म्हणजे मुरवलेल्या डुकराच्या मांसाचे, तुकडे भुरभुरलेले असतात. व्याख्येत ते आले नाहीत, कारण प्रश्नच व्याख्येचा होता. म्हणून दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय मागवू नये: के येबा? यात काय-काय असतं? आणि तिसरा, नाव घेऊन: येबा खामोन? येबा आतून? आतून म्हणजे टूना मासा. ‘सिन कार्ने’, मांस नको, एवढ्यावर विसंबू नये. कित्येक ठिकाणी खामोन आणि मासे ‘कार्ने’त धरत नाहीत. ‘सांदविच बेखेताल’ नावाच्या सँडविचमध्येही अंडं आणि टूना असणं नेहमीचं.

आपला ‘कशाचा’ म्हणजे ‘दे के’. दे के सोन लास क्रोकेतास? क्रोकेता कशाच्या आहेत? दे के एस एल काल्दो? रस्सा कशाचा आहे? भात किंवा डाळ दिसायला शाकाहारी असली तरी कोंबडीच्या पाण्यात शिजलेली असू शकते, ती या एका प्रश्नाने कळते. कोर्दोबात निर्धास्त मागवावं असं काही हवं तर बेरेन्खेनास कोन म्येल: तळलेल्या वांग्यांवर उसाची काकवी. तरी ‘के येबा?’ विचारायची सवय सोडू नये.

पाचवा दिवस : सेव्हिल

कोर्दोबाहून पाऊण तास. इथे प्रश्न तेच, पण उत्तरं वेगळी ऐकू येतात. अंदालुसियात शब्दाच्या शेवटचा ‘स’ विरतो. ‘मास ओ मेनोस’चं ‘मा ओ मेनो’ होतं, ‘दोस’चं ‘दो’, ‘त्रेस’चं ‘त्रे’. दातांतला ‘थ’ सेव्हिलमध्ये साधा ‘स’ होतो. माद्रिद-तोलेदोत तीन दिवस कान बसलेला असतो, तो इथे पुन्हा अडखळतो. तेव्हा ‘के?’ असं म्हणू नये. ते आपल्या तुटक ‘काय?’सारखं लागतं. ‘कोमो?’ म्हणावं, किंवा ‘पेर्दोन?’, किंवा पूर्ण ‘कोमो दीथे?’ काय म्हणालात? ‘कोमो’चा अर्थ ‘कसा’, पण न ऐकू आल्यावर तोच आपल्या ‘अं?’ची सभ्य जागा घेतो.

‘कोमो’चा दुसरा पेच: ‘भाऊ कसा आहे?’ मराठीत या एका प्रश्नाला दोन उत्तरं चालतात, ‘बरा आहे’ आणि ‘उंच, अबोल आहे’. स्पॅनिशमध्ये प्रश्नच दोन. कोमो एस्ता तु एर्मानो? तब्येत विचारली. कोमो एस तु एर्मानो? स्वभाव, रूप विचारलं. ‘दोंदे’लाही हीच फोड आहे. वस्तू, इमारत, माणूस असेल तर ‘दोंदे एस्ता’. पण कार्यक्रम कुठे आहे असं विचारताना ‘दोंदे एस’. संध्याकाळी फ्लामेंको बघायचं असेल तर ‘दोंदे एस एल एस्पेक्ताकुलो?’ कार्यक्रम कुठे ठेवलेला नसतो, तो होतो, म्हणून.

दुपारी 2 ते 5 बरीच छोटी दुकानं बंद. पोर के एस्ता थेर्रादो? विचारलं तर उत्तर ‘पोर्के...’ने सुरू होतं. प्रश्नात जोर ‘के’वर, उत्तरात ‘पोर’वर, कानाने एवढंच पकडायचं. लिहिताना प्रश्नाचे दोन शब्द आणि ‘के’च्या स्वरावर तिरपी रेघ, उत्तराचा एकच शब्द आणि रेघ नाही. ही रेघ सगळ्या प्रश्नशब्दांवर येते, अगदी ‘कुठे आहे ते मला माहीत नाही’ असल्या प्रश्नचिन्ह नसलेल्या वाक्यातही. तीच अक्षरं ‘जिथे’, ‘जेव्हा’, ‘जसा’ या अर्थाने आली की रेघ जाते. मराठीत ‘क’चा ‘ज’ होतो, तिथे रेघ पुसायची असं धरलं की चूक होत नाही. प्रश्नाच्या सुरुवातीचं उलटं चिन्ह ¿ स्पॅनिश अकादमीने 1754 साली सुचवलं. फोनवर निरोप पाठवताना स्पॅनिश लोक स्वतःच ते गाळतात, पण रेघ शिकणाऱ्याने गाळू नये.

हिराल्दा मनोऱ्यावर (आता कॅथेड्रलचा, पूर्वी मशिदीचा) चढताना: क्वांतास राम्पास तिएने? उतार किती आहेत? पस्तीस. पायऱ्यांऐवजी उतार, म्हणजे अजान द्यायला जाणाऱ्याला जनावरावर बसून वर जाता यावं म्हणून, असं सांगतात.

सहावा दिवस : ग्रानादा

आलाम्ब्रा या टेकडीवरच्या जुन्या गढीच्या तिकिटावर तिथल्या नासरी सुलतानांच्या राजवाड्यांत शिरायची वेळ छापलेली असते, आणि ती चुकली तर आत सोडत नाहीत. पासपोर्ट जवळ हवा. दारावरचा माणूस विचारेल, ‘आ के ओरा तिएनेन ला एंत्रादा?’ छापील आकडा दाखवला तरी चालतं, पण सांगून बघा.

इतक्या दिवसांनी प्रश्न थोडे मऊ करायला हरकत नाही. ‘दोंदे एस्ता ला पुएर्ता?’ ऐवजी ‘साबे दोंदे एस्ता ला पुएर्ता?’ दार कुठे आहे, माहीत आहे का? किंवा ‘मे प्वेदे देथिर क्वांतो तार्दा?’ किती वेळ लागतो, सांगाल का? आतल्या प्रश्नाचा क्रम तोच राहतो, काही हलवावं लागत नाही. आणि मराठीच्या शेवटच्या ‘का’साठी स्पॅनिशमध्ये शब्दच नाही, नुसता आवाज शेवटी चढवायचा. उलट प्रश्नशब्द असलेल्या वाक्यात आवाज शेवटी उतरतो. दोन्हीकडे चढवला तर विचारणारा आश्चर्य करतोय असं वाटतं.

बसमध्ये ‘क्वांतो तार्दा?’ म्हणजे एकूण किती वेळ, ‘क्वांतो फाल्ता?’ म्हणजे अजून किती राहिलंय. लहान मुलं बरोबर असली तर दुसरा प्रश्न पहिल्या तासात पाठ होतो.

माद्रिदला परतायच्या गाडीत, साडेतीन तासांच्या आसपास, शेजारचा प्रवासी बोलका निघाला की विचारतो: दे दोंदे सोइस? कुठले तुम्ही? ‘ला इंदिया’ म्हणून थांबू नये. प्रश्नाच्या डोक्यावर जो तुकडा बसला आहे, तो उत्तराच्याही डोक्यावर बसतो. कोन क्येन? कोन मि एर्माना. आ क्येन? आ मि माद्रे. आपण तरी ‘कुठून?’ला नुसतं ‘पुणे’ कुठे म्हणतो, ‘पुण्याहून’ म्हणतो. दे दोंदे सोइस? दे ला इंदिया. दे पुने.